शेपटीच्या मुळाशी

भांडणारी कोंबडी समोरून येते. मान ताठ, मानेवरची पिसं फुललेली, आणि चोच पडते ती डोक्यावर, तुऱ्यावर. समोरची एक तर उलटून येते, नाहीतर मान खाली घालून बाजूला होते आणि सगळं तिथल्या तिथे मिटतं. पिसं उपटणारी कोंबडी मागून येते. तिच्यात राग कुठेच दिसत नाही. मान खाली, पावलं सावकाश, एक डोळा पुढच्या कोंबडीच्या शेपटीवर रोखलेला. एकच पीस ती बराच वेळ निरखते, मग ते चोचीच्या टोकात धरून झटक्याने ओढते. पुढची ओरडते, चार पावलं पळते. ही तिच्यामागे धावत नाही. जागेवरच उभी राहून पीस चोचीत फिरवते, देठाची बाजू आत घेते आणि गिळून टाकते.

माझ्याकडे मोजक्या कोंबड्या असतात आणि त्यांच्याकडे बघत बसण्यात माझा बराच वेळ जातो. हा प्रकार नीट लक्षात आला तो एका पांढऱ्या कोंबडीच्या पाठीवर. शेपटीच्या अगदी मुळाशी, जिथे पिसांना लावायच्या तेलाची ग्रंथी असते, तिथली कातडी उघडी पडली होती आणि तिच्यातून नवी पिसं डोकावत होती. कोवळ्या पिसाच्या देठात रक्त खेळत असतं, त्यामुळे देठ निळसर-काळपट दिसतो. असा देठ ओढला गेला की रक्ताचा थेंब येतो, आणि रक्त दिसलं की ज्यांना एरवी पिसांशी काही देणंघेणं नसतं त्या कोंबड्याही तिकडे वळतात. मोठ्या कळपांत याच वाटेने कोंबड्या एकमेकींना जिवानिशी मारतात.

उपटणारी कोण हे कळलं की तिला मारकी ठरवून मोकळं होता येतं. मला ते पटेना. तिच्या वागण्यात मारकेपणाची एकही खूण नव्हती. ती इतरांपेक्षा जास्त हिंडायची, नवी वस्तू ठेवली की सगळ्यांत आधी तिच्यापाशी पोचायची, आणि तिची चोच कधी थांबायचीच नाही. तिच्या डोक्यात काय चाललं असेल, हा प्रश्न माझ्यामागे लागला. त्यापायी जे वाचत गेले, त्यातलं बरंचसं आता मनात ठाण मांडून बसलं आहे.

कोंबड्यांच्या टोचण्याचा विषय निघाला की पहिलं नाव येतं नॉर्वेच्या थोरलीफ शेल्डरुप-एबे यांचं. कळपात कोण कुणाला टोचतं याची एक उतरंड असते, हे त्यांनी १९२२ साली छापलेल्या निबंधात मांडलं. ती कल्पना पुढे माणसांच्या कचेऱ्यांनासुद्धा लावली गेली. पण पिसं उपटणं या उतरंडीत बसत नाही. वरचढ कोण आणि दबलेली कोण, याच्याशी त्याचा सरळ संबंध लागत नाही. म्हणून अभ्यासक आता तीन गोष्टी वेगळ्या धरतात: डोक्यावरचं भांडणाचं टोचणं, पिसांच्या टोकांशी चाललेलं हलकं टोचणं आणि पीस ओढून काढणारं जोरकस टोचणं. हलकं टोचणं पिलांत सर्रास दिसतं. अनोळखी पिल्लू समोर आलं की ते वाढतं, म्हणजे ओळख करून घेण्याचा तो एक भाग असावा. पुढची बऱ्याचदा त्याकडे लक्षही देत नाही. काही पिलांत ते तिथेच विरतं, काहींत वाढत जाऊन जोरकस होतं. ते कशामुळे, हा खरा प्रश्न.

हॉलंडच्या हॅरी ब्लोखाउस यांनी १९८० च्या दशकात त्याचं एक उत्तर दिलं आणि ते आजही टिकून आहे. कोंबडीचं जमिनीवर टोचणं, उकरणं, शोधणं जेव्हा जमिनीवर होऊ शकत नाही, तेव्हा ते शेजारणीच्या पिसांकडे वळतं. डेन्मार्कच्या क्लाउस व्हेस्टरगार्ड यांचं म्हणणं थोडं वेगळं होतं: धुळीत लोळायला धूळच मिळाली नाही तर पिसं हीच धूळ ठरते आणि कोंबडी तिच्यातच चोच घालू लागते. दोघांच्या म्हणण्यात एक गोष्ट समान आहे. पाय ठेवायला जे मिळालं, त्याच्याशी या वागण्याचा संबंध आहे.

शोधण्याला कोंबडीच्या आयुष्यात किती जागा असते, याचा अंदाज आपल्याला सहसा नसतो. मरियन डॉकिन्स यांनी प्राणिसंग्रहालयाच्या मोकळ्या आवारात राहणाऱ्या रानकोंबड्यांची दिनचर्या मिनिटामिनिटाने टिपली आणि १९८९ मध्ये छापली. पाहिलेल्या मिनिटांपैकी सुमारे ६० टक्के मिनिटांत त्या जमिनीवर टोचताना दिसल्या, आणि ३४ टक्के मिनिटांत पायाने उकरताना. त्याआधी १९७२ मध्ये डंकन आणि ह्यूज यांनी दाखवलं होतं की समोर दाणे आयते भरलेले असले तरी कोंबड्या कळ दाबून मिळणारे दाणेही मिळवून खातात. पोट भरणं आणि दाणा शोधणं या कोंबडीच्या दोन वेगळ्या भुका आहेत. पहिली भूक खाद्याच्या भांड्यापाशी भागते. दुसरी दिवसभर तशीच राहते.

स्वित्झर्लंडमध्ये १९९० च्या दशकात पिलांवर झालेला एक प्रयोग मला विशेष आवडतो, कारण त्यात बारकावा आहे. पिलांना पेंढा द्या म्हणजे झालं, एवढ्यावर ते संशोधक थांबले नाहीत. त्यांनी लांब पेंढा आणि बारीक चिरलेला पेंढा यांची तुलना केली, थर्मोकोलचे ठोकळे आणि थर्मोकोलचे मणी यांचीही केली. लांब काडीपाशी आणि अखंड ठोकळ्यापाशी पिल्लं जास्त रमली, आणि तिथे पिसं टोचणंही कमी झालं. थर्मोकोलमध्ये खाण्यासारखं काहीच नसतं. पण ठोकळा टोचता येतो, त्याचा तुकडा तोडता येतो, तोडलेला तुकडा घेऊन पळता येतं. चोचीला काहीतरी उलगडायला हवं असतं. मण्यात उलगडण्यासारखं काही उरत नाही.

इथपर्यंत सगळं समजण्यासारखं वाटतं. अडचण पुढे येते. त्याच जागेत, त्याच पेंढ्यावर, तेच खाद्य खाऊन वाढलेल्या पिलांपैकी काहीच उपटतात. बाकीची नाही. हा फरक कुठून येतो? तो शोधायला माणसं पिलांच्या डोक्यात शिरली.

पक्ष्यांचा मेंदू आपल्या मेंदूसारखा घड्याघड्यांचा नसतो. त्यात थरांचा बाह्यपटल नाही, म्हणून शंभरेक वर्षं तो बिनडोक, निव्वळ उपजत प्रेरणांवर चालणारा मानला गेला. मेंदूच्या भागांची नावंसुद्धा त्या समजुतीतून पडली होती. २००४-०५ च्या सुमारास संशोधकांच्या एका मोठ्या गटाने ती नावं बदलली, कारण पक्ष्यांच्या अग्रमेंदूचा बराच मोठा भाग आपल्या बाह्यपटलाचीच कामं करतो हे तोवर स्पष्ट झालं होतं. निर्णय घेणं, मोह आवरणं ही कामं करणारा भागही त्यात आहे. भीतीशी निगडित भागही आहे. सिरोटोनिन, म्हणजे चेतापेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात त्यांतलं एक रसायन, तयार करणाऱ्या चेतापेशी मात्र पक्ष्यांत आणि आपल्यात जवळजवळ एकाच ठिकाणी, मेंदूच्या बुंध्याशी असतात. तिथून त्यांचे धागे साऱ्या अग्रमेंदूत पसरतात. इतकी जुनी व्यवस्था आहे ती.

२००२ मध्ये नेदरलँड्सच्या व्हान हिएर्डन आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या लेगहॉर्न या अंडी देणाऱ्या जातीच्या दोन वंशांची तुलना केली. एका वंशात पिसं टोचणं जास्त, दुसऱ्यात कमी. पिल्लं २८ दिवसांची असताना त्यांच्या अग्रमेंदूतली रसायनं मोजली. जास्त टोचणाऱ्या वंशात सिरोटोनिन आणि तसंच निरोप पोचवणारं डोपामिन या दोन्हींची उलाढाल कमी निघाली. उलाढाल मोजायची रीत अशी: सिरोटोनिन वापरून झालं की त्याचा जो पदार्थ उरतो, त्याचं मूळ सिरोटोनिनशी प्रमाण काढायचं. प्रमाण कमी म्हणजे रसायन सुटून वापरलं जाण्याचा वेग मंद.

हे मोजण्यासाठी मेंदू बाहेर काढावा लागतो. म्हणजे २८ दिवसांचं पिल्लू तिथे संपतं. अशा प्रबंधांतले आलेख बघताना मला हे विसरता येत नाही आणि विसरावंसंही वाटत नाही. तरी या कामाला मी नाकं मुरडणार नाही. कोट्यवधी कोंबड्या ज्या टोचाटोचीत जखमी होतात, तिचं मूळ सापडावं म्हणून ते केलं गेलं. पण त्या ज्ञानाची किंमत त्या पिलांनी दिली आहे, आणि ते ज्ञान वाया गेलं तर ती किंमतही वाया जाते.

दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. त्यामुळे पुढचा प्रयोग जास्त महत्त्वाचा. सिरोटोनिन सोडणाऱ्या चेतापेशींवर असे रिसेप्टर, म्हणजे रसायन ओळखणाऱ्या जागा, असतात की ते जागे झाले की ती पेशी स्वतःचाच हात आवरता घेते. व्हान हिएर्डन यांनी पिलांना नेमकं याच रिसेप्टरवर काम करणारं औषध दिलं. सिरोटोनिनची उलाढाल घटली आणि पिसं टोचणं वाढलं. मग त्यांनी उलट बाजूने पाहिलं. ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून शरीर सिरोटोनिन बनवतं; पिलांच्या खाद्यात ते नेहमीपेक्षा कितीतरी पटींनी वाढवलं, तेव्हा हलकं टोचणं कमी झालं. हे २००४ साल. त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये योर्गन क्येर आणि सहकाऱ्यांनी मोठ्या कोंबड्यांना हॅलोपेरिडॉल दिलं. माणसांच्या मनोविकारांत वापरलं जाणारं, डोपामिनचा एक रिसेप्टर अडवणारं हे औषध. पिसं टोचणं त्यानेही कमी झालं.

हे वाचताना एखाद्याला वाटेल की उत्तर सापडलं: सिरोटोनिन कमी म्हणून कोंबडी टोचते. आजकाल माणसांबद्दलही आपण असंच बोलतो. कुणी उदास असलं की सिरोटोनिन कमी पडलं असेल, कुणाला मोबाइल सोडवत नसला की डोपामिनचा खेळ. एका रसायनाचं नाव घेतलं की माणूस उमगल्याचं समाधान मिळतं. कोंबडीने मला या समाधानापासून दूर ठेवलं.

कारण मोठ्या कोंबड्यांत चित्र उलटं होतं. पिल्लू असताना जास्त टोचणाऱ्या वंशात सिरोटोनिनची उलाढाल मंद असते. अशा वंशांच्या मोठ्या कोंबड्यांत ती उलट जास्त सापडते. एल्स्के द हास आणि येरीने व्हान देर आइक यांनी २०१८ मध्ये तोवरच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा हाच वयाचा फरक त्यांनी ठळकपणे मांडला. म्हणजे रसायनाच्या एका आकड्याकडे बोट दाखवून ही टोचणारी आणि ही न टोचणारी असं सांगता येत नाही. वय कोणतं, मेंदूचा भाग कोणता, ती आत्ता ताणात आहे की नाही, तिला लहानपण कसं मिळालं, हे सगळं त्या आकड्यात मिसळलेलं असतं. मला यातून असं वाटतं की पिलाच्या वयातली ती मंद उलाढाल म्हणजे एका खिडकीसारखी आहे, ती काही दिवसच उघडी असते, आणि त्या दिवसांत चोचीला जे सापडतं तेच पुढे चोचीची सवय बनतं. हा माझा अर्थ आहे, प्रयोगाने सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण पुढे सांगते ते प्रयोग बघितले की तो निराधार वाटत नाही.

क्येर यांच्या कामाचा आणखी एक धागा इथे हवा. डेन्मार्कमध्ये पांढऱ्या लेगहॉर्नपासूनच त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून दोन वंश तयार केले: जास्त टोचणारा आणि कमी टोचणारा. पिसं टोचण्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे, हे या निवडीतूनच दिसलं. २००९ मध्ये त्यांनी दाखवलं की टोचणारा वंश एकूणच जास्त हिंडतो, जास्त चळवळ्या असतो, आणि पिसं उपटणं हा अतिचंचलतेचाच एक आविष्कार असावा असं मांडलं. माझ्या त्या कोंबडीचं अखंड हिंडणं मला तेव्हा वेगळं दिसू लागलं. नवी वस्तू दिसली की आधी पोचणं, चोच न थांबणं, पीस चोचीत फिरवून बघणं, हे सुटे सुटे दोष नव्हते. एकाच घडणीची ती निरनिराळी रूपं होती. मोकळ्या जमिनीवर हीच घडण तिला सगळ्यांत आधी किडा मिळवून देते.

ती पीस का गिळते, हा प्रश्न मी बराच काळ बाजूला ठेवला होता. पिसात केराटिन असतं, कोंबडीला ते जवळपास पचत नाही. पण जर्मनीच्या होहेनहाइममध्ये २००६ साली आलेक्झांड्रा हार्लांडर-मातौशेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गिळलेली पिसं पोटातलं खाद्य पुढे सरकण्याचा वेग वाढवतात. तंतुमय चोथा जे काम करतो तेच. दळलेल्या, मऊ खाद्यावर वाढलेल्या कोंबडीला असा चोथा फारसा मिळत नाही. तो खाद्यात वाढवला की पिसं उपटणं कमी होतं, असंही बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे डोक्याने शोधलेली गोष्ट आतड्यालाही हवी होती.

आणि सिरोटोनिन मुळात सापडलं ते आतड्यातच. इटलीचे व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांनी १९३० च्या दशकात आतड्याच्या अस्तरातून एक द्रव्य वेगळं केलं आणि त्याला एंटेरामिन म्हटलं. १९४८ मध्ये अमेरिकेत रक्तातून सिरोटोनिन वेगळं झालं, आणि पुढे कळलं की दोन्ही एकच. शरीरातलं बहुतेक सिरोटोनिन आजही आतड्यातच असतं. ते मेंदूत शिरू शकत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा ते ओलांडत नाही. ट्रिप्टोफॅन ओलांडतं, पण त्यालाही इतर अमिनो आम्लांशी दाटीवाटी करत आत जावं लागतं. शिवाय ट्रिप्टोफॅनचा फार मोठा भाग किन्युरेनिन नावाच्या दुसऱ्याच वाटेला लागतो, आणि शरीर आजारात किंवा ताणात असलं की ती वाट आणखी रुंदावते. त्यामुळे खाद्यात किती घातलं यापेक्षा अंगात काय चाललं आहे हे जास्त मोलाचं ठरतं. आतड्यातले जीवाणूही यात हात घालतात. २०२१ मध्ये कॅनडाच्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस हा जीवाणू खाऊ घातलेल्या कोंबड्यांत, सतत ताण दिल्यावरही, पिसं टोचणं तितकं वाढलं नाही. त्या कोंबड्यांच्या डोक्याला कुणी हात लावला नव्हता.

आता पहिल्या दिवसांविषयी. डेन्मार्कमध्ये १९९० च्या दशकात पिलांचे गट करून काहींना पहिले चार आठवडे तारेच्या जाळीवर वाढवलं, काहींना वाळू आणि पेंढ्यावर. नंतर दोघांना सारखीच जागा मिळाली. तरी जाळीवर सुरुवात झालेल्या कोंबड्यांत मोठेपणी पिसं उपटणं जास्त राहिलं. नंतर मिळालेल्या चांगल्या जागेने पहिले आठवडे पुसले गेले नाहीत.

आणि आई. व्यापारी पिल्लू यंत्रात उबतं आणि कधीही कोंबडीच्या पंखाखाली जात नाही. खुडूक कोंबडीखाली वाढणाऱ्या पिलांकडे बघितलं तर तिचं काम ऊब देण्याहून मोठं आहे हे दिसतं. ती घशातून आवाज काढत दाणा चोचीत उचलून खाली टाकते, पुन्हा उचलते, पिल्लं धावत येतात आणि तिथेच टोचतात. कुठे टोचायचं हे ती शिकवते. मग अचानक ती बसते, आणि सगळी पिल्लं एकाच वेळी तिच्याखाली, अंधारात. एक झोपलं आहे आणि दुसरं जागं होऊन त्याच्या पाठीवरचं पीस निरखतं आहे, अशी वेळच ती येऊ देत नाही. दिव्याखालच्या कोंदट उजेडात शेकडो पिल्लं असतील तर ती वेळ दिवसभर येत राहते.

याच निरीक्षणावरून अंधारा ब्रूडर निघाला. उष्णता देणाऱ्या छताला खालून पडदे लावायचे, की आत ऊब आणि अंधार दोन्ही मिळतात. पिल्लं आत जाऊन झोपतात, बाहेर येऊन टोचतात, आणि जागी पिल्लं झोपलेल्यांना छळत नाहीत. डेन्मार्कमध्ये २००६ साली आणि पुढे ब्रिटनच्या फार्मांवर याचे प्रयोग झाले. मोठेपणी पिसं उपटणं कमी राहिलं. हे समजल्यावर मला फार बरं वाटलं होतं. मेंदूतली कमतरता औषधाने भरून काढण्याआधी, पिलाला झोपायला अंधार देता येतो का हे तपासता येतं.

वंशाच्या बाजूने सगळ्यांत मोठा प्रयोग अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी केला. निवड करणारे सहसा सर्वांत जास्त अंडी देणारी एकेक कोंबडी निवडतात. पण जी एकटी सर्वांत पुढे आहे, ती शेजारणींच्या जिवावर पुढे असू शकते. म्यूर यांनी कोंबड्यांची कुटुंबं एकेका पिंजऱ्यात एकत्र ठेवली, चोची कापल्या नाहीत, आणि अख्खा पिंजरा एकत्र निवडला किंवा नाकारला. त्यांनी १९९६ मध्ये छापलेले आकडे असे: दुसऱ्या पिढीत वर्षाला ६८ टक्के कोंबड्या मरत होत्या, चौथ्या पिढीत ८.८ टक्के. ठेवलेल्या प्रत्येक कोंबडीमागे अंडी ९१ वरून २३७ वर गेली. नंतर पर्ड्यूच्याच हेंग-वेई चेंग यांनी या वंशांचं रक्त तपासलं, तेव्हा डोपामिन आणि सिरोटोनिनची प्रमाणंही निराळी निघाली. निवड वागण्याची केली होती, तीही एकेकीची नव्हे, सोबत जगण्याची. रसायन तिच्यामागून बदलत गेलं.

मला या साऱ्यात रसायन हे शेवटचं उत्तर वाटत नाही. ते मधलं ठिकाण वाटतं. आज्यांकडून आलेली चंचलता, पहिल्या आठवड्यातली जाळी, न मिळालेला अंधार, चोथ्याविना आतडं, हे सगळं तिथे येऊन मिळतं आणि तिथून चोचीकडे जातं. म्हणून मेंदूतली कमतरता सापडली की ती त्या कोंबडीचा दोष ठरवायची मला घाई नसते. ज्या कोंबडीची पिसं जातात तिच्याइतकीच ही दुसरीही माझ्या काळजीचा विषय आहे. पिसं गेलेलीला मी वेगळं ठेवते, जखमेवर उपचार करते. उपटणारीकडे मात्र माणूस पाठ फिरवतो, आणि प्रश्न तिथेच राहून जातो.

जगभर या प्रश्नावर सर्वांत जास्त वापरला गेलेला उपाय चोचीचं टोक काढण्याचा आहे. पूर्वी तापलेल्या पात्याने, आता बहुधा पहिल्याच दिवशी अवरक्त किरणांनी. चोच म्हणजे नखासारखं निर्जीव काही नव्हे. तिच्या टोकात स्पर्श आणि कंप ओळखणाऱ्या अगणित चेतांची टोकं दाटीने असतात; त्यांच्याच बळावर कोंबडी खडा आणि दाणा वेगळा ओळखते. एडिनबरोत मायकेल जेंटल आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की गरम पात्याने कापलेल्या चोचीच्या थोटकात चेतातंतूंच्या गाठी वाढतात, माणसाच्या कापलेल्या अवयवात वाढतात तशाच. कापलेल्या चोचीने जखमा कमी होतात, हे खरं. टोचायची ओढ मात्र तशीच राहते. ती धारेवाचून चालू असते इतकंच.

युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशाने दहा दिवसांच्या आतल्या पिलांची चोच छाटायला परवानगी ठेवली. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड यांनी ती दिली नाही. जर्मनीतल्या अंडी उद्योगाने २०१७ पासून चोच छाटलेल्या तलंगा घेणं स्वतःहून थांबवलं, नेदरलँड्समध्ये २०१८ पासून छाटणं बंद झालं. त्यानंतर तिथल्या फार्मवाल्यांचं काम वाढलं. पिल्लं आली त्या दिवसापासून पेंढा घालावा लागतो, गवताचे गठ्ठे टांगावे लागतात, टोचायला दगडी ठोकळे ठेवावे लागतात, खाद्यात चोथा वाढवावा लागतो. कळपात कुणाच्या शेपटीच्या मुळाशी कातडी दिसते का, हे रोज बघावं लागतं. एवढं करूनही एखाद्या कळपात टोचाटोची सुटतेच, आणि शाबूत चोचीची जखम खोल असते. मग पुन्हा उजेड, खाद्य, वंश, आतडं, पहिले आठवडे, एकेक तपासत मागे जावं लागतं. मला हीच वाट बरोबर वाटते. तिच्यात वेळ जातो, लक्ष द्यावं लागतं, काही कोंबड्या दगावतातही. पण बिघाड नक्की कुठे आहे ते शोधण्याची जबाबदारी कोंबडीच्या चोचीवरून उठून तिला पाळणाऱ्यांकडे येते, आणि ती त्यांच्याकडेच असायला हवी.